उसन्या पात्रांचा पाहुणचार

एका लेखकाने घडविलेल्या पात्राची दुसऱ्या लेखकाने घडविलेल्या पात्राशी गाठ घालून द्यावी, हा खेळ वाचनाची गोडी लागलेल्या प्रत्येक मनाने केव्हा ना केव्हा खेळलेला असतो. दोन पुस्तके लागोपाठ वाचून झाली, म्हणजे त्यांतली माणसे आपल्या डोक्यात एकाच वाड्यात बिऱ्हाड करून राहू लागतात. मग जिन्यात त्यांची गाठ पडते, नळावर भांडण होते, आणि आपण एकटेच हसत बसतो. अलीकडे हा खेळ मनातल्या मनात राहिलेला नाही. आवडत्या कादंबऱ्यांचे नि चित्रपटांचे तरुण चाहते स्वतःच अशा संयुक्त कथा लिहितात व एकमेकांना वाचावयास देतात. लिहिण्याआधी चौघेजण जमून विनोदांची यादी करतात, कोणाचा कोणाशी सामना लावायचा ते ठरवितात, आणि मग कथा जुळवितात. आपल्याकडे या लेखनाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. मला तो प्रघात मान्य नाही. उसने पात्र हे पाहुणे असते. यजमानाने पाहुण्याला किती ओळखले आहे, हे त्याने केलेल्या थट्टेवरून जितके कळते तितके त्याने केलेल्या स्तुतीवरून कळत नाही. अशा कथेची परीक्षा करावयाची तर ती याच जागी केली पाहिजे, असे माझे मत आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. महाभारताच्या वनपर्वात रामकथेतला हनुमान भीमाला भेटतो, तो प्रसंग आठवावा. द्रौपदीला हवे असलेले सौगंधिक कमळ आणण्यासाठी भीम झाडे मोडीत, गर्जना करीत निघाला आहे. कदलीवनात वाटेवर एक वानर आडवा पडलेला दिसतो. भीम त्याला दटावतो. वानर म्हणतो, मी म्हातारा आहे, आजारी आहे, उठवत नाही. शेपूट बाजूला कर आणि जा. भीम तुच्छतेने डावा हात घालतो. शेपूट हलत नाही. मग दोन्ही हात लावतो, घामाघूम होतो, तरी शेपूट जागच्या जागीच. कीर्तनकारांनी या जागेवर पिढ्यान् पिढ्या श्रोत्यांना हसविले आहे. हा विनोद इतका टिकाऊ का ठरला? भीमाच्या जागी नकुलाला बसवून पाहावे. नकुलाला शेपूट उचलता आले नाही, यात हसण्यासारखे काही उरत नाही. जो बळाच्या भाषेखेरीज दुसरी भाषा बोलत नाही, त्याच्यापुढे बळाचाच प्रश्न टाकलेला आहे, आणि तो टाकणाऱ्याने स्वतःला म्हातारा व आजारी म्हणवून घेतले आहे. दोघांचे स्वभाव एकमेकांत अडकतात, आणि हसे त्या अडकण्यातून येते.

पण महाभारतकार एवढ्यावर थांबत नाहीत. ओळख पटल्यावर, आपण दोघेही वायूचे पुत्र म्हणजे भाऊच आहोत हे कळल्यावर, भीम हट्ट धरतो की समुद्र उल्लंघिताना घेतलेले रूप मला दाखव. त्यावर हनुमान जे उत्तर देतो, ते या साऱ्या विषयाचे मर्म आहे. तो काळ वेगळा होता, असे तो सांगतो. युगायुगाचे धर्म निराळे, देहाचे माप निराळे. ते रूप आता पाहावयास मिळावयाचे नाही. नंतर तो ते रूप दाखवितो, हे खरे; परंतु आधी चारही युगांचे वर्तमान सांगून मगच दाखवितो. एका काव्यातले पात्र दुसऱ्या काव्यात आले, म्हणजे ते एकटे येत नाही. आपल्या जगाचे नियम, आपले हवापाणी, आपली मापे बरोबर घेऊन येते. यजमान कवीला ही मापे ठाऊक असावी लागतात. हनुमान निरोप घेताना भीमाला भावाचे प्रेम आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसून गर्जना करण्याचे वचन देऊन जातो. थट्टेत ज्याचा गर्व गेला, त्याच्या पदरात अखेर काही पडलेले असते.

आता दूरच्या एका गोष्टीकडे वळू. तेथे यजमानाने हेच कधी साधले आणि कधी सपशेल चुकविले. मॉरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकाने १९०५ साली आर्सेन लुपिन हा सभ्य चोर जन्मास घातला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या भेटीला इंग्लंडहून साक्षात शेरलॉक होम्सला आणले. होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल त्या वेळी हयात होते. त्यांनी हरकत घेतली. लब्लाँने तोडगा काढला तो असा की, पहिल्या नावाचे आद्याक्षर उचलून आडनावाच्या डोक्यावर ठेवले, आणि शेरलॉक होम्सचा हर्लॉक शोल्म्स झाला. १९०८ साली या दोघांच्या सामन्याचे स्वतंत्र पुस्तकच निघाले. नाव बदलल्याने कोणी फसले नाही, आणि कोणी फसावे अशी लब्लाँची इच्छाही नसावी. पाहुण्याच्या डोक्यावरची टोपी फिरवून घातली, एवढेच.

पहिल्या भेटीची कथा पाहा. नॉर्मंडीतल्या एका गढीत लुपिन चोरी करतो, एका तरुणीच्या नजरेस लाजून सारा माल परत करतो, आणि पायी स्टेशनकडे निघतो. वाटेत समोरून तो विख्यात इंग्रज येतो. दोघे बोलतात. इंग्रज त्याच्याकडे निरखून पाहतो आणि पुढे जातो. गढीतल्या गुप्त वाटेचे कोडे तो थोड्याच मिनिटांत सोडवून दाखवितो, आणि मग सांगतो की वाटेत भेटलेला लुपिनच होता, हे मी ओळखले होते. मग पकडले का नाही? तर योगायोगाने मिळालेला विजय त्याला नको होता. किती भारदस्त उत्तर! परंतु परतताना मोटारीत त्याच्या नावाचे एक पुडके सापडते, आणि त्यात निघते त्याचेच घड्याळ. ज्या क्षणी गुप्तहेर चोराचा अंतर्बाह्य ठाव घेत होता, त्याच क्षणी चोराने त्याचा खिसा हलका केला होता.

या विनोदाची घडण मला निर्दोष वाटते. होम्सचे मोठेपण यात कमी होत नाही. त्याने चोर ओळखला, कोडेही सोडविले. लुपिनचा खोडकरपणाही पुरा उतरला आहे. चोरलेली वस्तू ठेवून घेण्यात त्याला रस नाही, परत करण्यात आहे. प्रत्येकाने आपापल्या विद्येत बाजी मारली, आणि दोन्ही विद्या एकाच क्षणी चालल्या होत्या हे वाचकाला मागाहून कळते. यजमानाने आपल्या घरच्या मुलाला शेवटचा टोला मारू दिला खरा, पण पाहुण्यालाही जेवल्यावाचून उठविले नाही.

पुढच्या कथांत मात्र लब्लाँचा हात सैल सुटतो. होम्सचा सोबती वॉटसन येथे विल्सन होऊन येतो. सामन्यात त्याचा हात मोडतो, पुढे तो भोसकला जातो. आणि हर्लॉक शोल्म्स त्याच्या दुखण्याची फारशी पर्वा करीत नाही, यावर आपण हसावे अशी अपेक्षा असते. मला येथे हसू येत नाही. कॉनन डॉइलचा होम्स मित्राशी तुटकपणे वागतो, त्याची बुद्धी काढतो, हे सारे खरे. परंतु त्या तुटकपणाखाली माया आहे, आणि क्वचित एखाद्या प्रसंगी ती वर उसळते, म्हणून तर ती जोडी लोकांच्या मनात राहिली. लब्लाँने वरची साल तेवढी घेतली आणि गर टाकून दिला. १९०९ सालच्या कादंबरीत तर शोल्म्सच्या हातून सुटलेल्या गोळीने लुपिनची प्रिया मरते. येथे पाहुण्याला खलनायक करून टाकले आहे. आपला नायक मोठा दिसावा म्हणून समोरच्याला खुजा करावयाचा, ही युक्ती आखाड्यातल्या नुरा कुस्तीसारखी आहे. कुस्ती निकाली होते, पण पाहणाऱ्याला काही मिळत नाही.

तरीही याच लब्लाँने एक सामना असा लिहिला आहे की त्यासाठी बाकीचे विसरावे. एका सरदाराच्या घरातून लुपिनने एक जुना दिवा चोरला आहे. शोल्म्स येतो, आपल्या पद्धतीने एकेक धागा उकलतो, आणि सत्य बाहेर काढतो. ते सत्य असे की, घरच्या बाईला कोणीतरी जुन्या पत्रांचा धाक घालून छळीत होते, आणि त्या जाचातून तिला सोडविण्यासाठीच हा चोरीचा देखावा रचला होता. सत्य उजेडात आले आणि घर उद्ध्वस्त झाले. म्हणजे चोराने एका स्त्रीची लाज राखली आणि कायद्याच्या कैवाऱ्याने ती उघड्यावर टाकली! लुपिन हे शोल्म्सला हसत हसत सुनावतो. हा विनोद नुसता चिमटा काढणारा नाही. सत्य शोधणे हे नेहमी चांगलेच असते का, हा प्रश्न होम्सच्या स्वतःच्या कथांत असा टोकाला गेल्याचे मला आठवत नाही. तो दुसऱ्याच्या घरात आल्यावर त्याच्यापुढे उभा राहिला. पात्रांच्या भेटीचे प्रयोजन ते हेच. आपापल्या पुस्तकात प्रत्येक नायकाचे म्हणणे खरे ठरते, कारण ते जगच त्याच्यासाठी रचलेले असते. दुसऱ्याच्या जगात गेल्यावर त्याचे म्हणणे कसास लागते.

हे झाले यजमानाविषयी. परंतु ज्याचे पात्र पळविले गेले, त्या मूळ लेखकाने काय करावे? कॉनन डॉइलने हरकत घेतली. सेर्व्हान्तेसने तीनशे वर्षे आधी याहून मौजेचा मार्ग काढला होता. त्याच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली निघाला. दुसरा भाग तो लिहीत असतानाच, १६१४ मध्ये, आव्हेयानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कोणी एकाने परस्पर दुसरा भाग छापून टाकला. सेर्व्हान्तेसचा खरा दुसरा भाग आला १६१५ साली. त्यात डॉन किहोतेच्या कानावर येते की आपल्या नावाने एक खोटे पुस्तक फिरते आहे आणि त्यात आपण सारागोसाला जातो. तेव्हा तो सारागोसाचा बेत रद्द करून बार्सेलोनाची वाट धरतो. पुढे एका धर्मशाळेत त्या खोट्या पुस्तकातलेच एक पात्र, डॉन आल्व्हारो तार्फे, त्याला भेटते. किहोते त्याला गावच्या अधिकाऱ्यापुढे नेऊन लिहून घेतो की, पुस्तकातला तो इसम हा नव्हे! चोरलेल्या मालाबरोबर चोराच्या घरचा साक्षीदारही सेर्व्हान्तेसने आणला आणि त्यालाच जबानी द्यावयास लावली. आणि तार्फेला तो कसा वागवितो? सभ्य गृहस्थासारखा. खोट्या लेखकावरचा राग त्याच्या पात्रावर निघत नाही.

कॉनन डॉइलही सदैव रागीट नव्हते. जे. एम. बॅरी या आपल्या मित्राबरोबर त्यांनी लिहिलेली संगीतिका १८९३ साली साफ पडली. तेव्हा बॅरीने एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर एक विडंबनकथा लिहून त्यांना दिली. तीत हे दोघे पडेल नाटककार होम्सकडे जातात आणि आपल्या नाटकाला लोक का येत नाहीत, याचा शोध लावण्याची त्याला गळ घालतात. पुढे डॉइलनी १९२४ च्या आपल्या आत्मचरित्रात ही कथा समग्र छापली आणि होम्सच्या विडंबनांत तिला सर्वांत वर बसविले. याचे कारण उघड आहे. त्या थट्टेत पहिला वार स्वतः बॅरीवर होता. जो यजमान आधी स्वतःची फजिती पानात वाढून घेतो, त्याच्याकडे जेवायला कोणाला संकोच वाटेल?

हा विचार आपल्या घरच्या पात्रांवर घासून पाहावा, म्हणून मी एका वर्गाला एक काम सांगितले होते. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे यांची गाठ पडली तर काय विनोद होतील, त्यांची यादी करा. दोघेही पुण्याचे म्हणावयाचे. परंतु चिमणरावांचे पुणे इंग्रजी अमदानीतले, आणि फुरसुंगीहून आलेल्या बनेश फेणेचे पुणे स्वातंत्र्यानंतरचे. मुलांनी तासाभरात फळा भरून टाकला. फेणे 'टॉक्' म्हणतो आणि चिमणराव दचकतात. फेणेच्या सायकलवर डबलसीट बसून चिमणराव चिखलात पडतात. चिमणरावांना मोबाइल वापरता येत नाही. गुंड्याभाऊ फेणेला सायकलसकट उचलतात. फेणे चोर पकडतो, आणि दुसऱ्या दिवशी चिमणराव तो आपणच पकडला असे सांगू लागतात. पण सांगता सांगता, त्या वेळी आपण कोठे लपलो होतो हेही त्यांच्या तोंडून निघून जाते.

या यादीत तीन प्रकार आपोआप वेगळे पडतात. पहिला प्रकार बिल्ल्याचा. 'टॉक्' हा फेणेचा बिल्ला, अचाट ताकद हा गुंड्याभाऊंचा बिल्ला. बिल्ला दिसला की वाचक ओळखीचे हसतो, आणि ते हसणे तेथेच संपते. दुसरा प्रकार कोणालाही चिकटणारा. चिखलात कोणीही पडतो. मोबाइल वापरता न येणारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. त्यासाठी जोश्यांच्या दारात जाऊन पात्र उसने मागण्याची गरज नव्हती. शिवाय त्या मोबाइलच्या विनोदात हनुमानाने सांगितलेला युगधर्म विसरला गेला आहे. मागच्या काळाचा माणूस आजच्या यंत्रापुढे बावळट ठरतो, यात त्या माणसाचे काहीच नसते. तिसरा प्रकार तेवढा खरा. चिमणराव आपली हकीकत आपणच सांगतात, आणि सांगताना जे झाकावयाचे तेच उघडे करतात. त्यांचा सारा विनोद या कथनात आहे. त्यांना चोर पकडण्याच्या धामधुमीत नेऊन काही साधत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती गोष्ट सांगण्याचे काम दिले, की विनोद आपल्या पायांनी चालू लागतो. ज्या मुलाने ही ओळ लिहिली, त्याने चिमणराव नुसते वाचले नव्हते, ओळखले होते. कोणतीही प्रश्नपत्रिका मला त्याच्या वाचनाविषयी इतके सांगू शकली नसती.

सामना कोणता लावावा, यावर मात्र बराच वेळ कोणाला काही सुचेना. धीट मुलगा आणि भित्रा गृहस्थ. सामना होणार कसा? एकतर्फीच निकाल! मग एका मुलीने फेणेच्या तोंडी असा प्रश्न घातला: "काका, तुम्ही एवढे भिता, तर मग स्वतःच्या फजितीच्या गोष्टी चारचौघांत सांगायची भीती कशी वाटत नाही?" वर्ग हसला, आणि मग थोडा वेळ गप्प झाला. या प्रश्नाने पारडे फिरते. चोरामागे धावण्याचे धैर्य फेणेपाशी आहे. परंतु स्वतःचे हसे जगापुढे मांडण्याची पाळी त्याच्यावर आलेली नाही. चिमणरावांवर ती दर गोष्टीत येते. ते जाणून सांगत असोत की भोळेपणाने, सांगितल्यावाचून राहात नाहीत. धैर्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न फेणेच्या पुस्तकात उद्भवत नाही, चिमणरावांच्याही नाही. दोघे एका ओसरीवर बसले तेव्हा तो उद्भवला. त्या फ्रेंच दिव्याच्या कथेत जे घडले, त्याचीच ही लहानशी घरगुती आवृत्ती होय.

हा विचार आजच करण्याला एक निकडीचे कारण आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत पन्नासांवरून साठ वर्षांवर आली. भा. रा. भागवत २००१ साली निवर्तले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत चालेल. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांवरचा हक्क २०२३ च्या डिसेंबरअखेर संपला. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव मोकळे झाले आहेत. त्यांना कोणीही, कोठेही नेऊ शकतो. होम्सबरोबर बसवा, भुताखेतांत सोडा, परग्रहावर पाठवा, हरकत घेणारा कोणी उरलेला नाही. होम्सच्या वेळी त्याचा जनक उभा होता, किहोतेच्या वेळी खुद्द सेर्व्हान्तेस लेखणी घेऊन बसला होता. चिमणरावांच्या पाठीशी आता त्यांचे वाचक तेवढे आहेत.

म्हणून काही लोक म्हणतील की, जुन्या पात्रांना हात लावूच नये. ती देव्हाऱ्यात ठेवावीत. मला हे पटत नाही. देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर रोज फूल पडते, पण तिच्याशी कोणी बोलत नाही. जी पात्रे कोणी उसनी नेत नाही, ती हळूहळू शाळेच्या पुस्तकातल्या टिपांत जाऊन बसतात. त्यांना खुशाल बाहेर काढावे, त्यांची थट्टा करावी, त्यांच्याशी वाद घालावा. नेणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न मात्र विचारावेत. मी करतो आहे तो विनोद या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाच्या अंगाला बसला असता का? बसला असता, तर पात्र उसने घेण्याचे कारण नव्हते. आणि माझ्या घरून परत जाताना या पाहुण्याजवळ, येताना नव्हते असे काही आहे का? भीमाला भाऊ मिळाला. शोल्म्सला एक प्रश्न मिळाला. त्या मुलीच्या वहीत चिमणरावांना त्यांचे धैर्य मिळाले.

कायद्याने हरकत घेण्याची मुदत संपते. वाचकाची हरकत घेण्याची मुदत संपत नाही. आणि ती घेता यावी, यासाठी मूळ पुस्तक त्याने वाचलेले असले पाहिजे. उद्या कोणी चिमणरावांना नव्या घरी नेऊन नुसते चिखलात पाडले, तर "हे आमचे चिमणराव नव्हेत," असे म्हणणारी दहा मुले वर्गात निघाली पाहिजेत. तार्फेने अधिकाऱ्यापुढे जी जबानी दिली, ती देण्याचे काम आता त्यांचे आहे.